कापलेलं वचन

ट्रेडल मशीन चालू असलं की आमच्या घरातली भांडी मांडणीवर थोडी थोडी पुढं सरकत, आणि संध्याकाळी मशीन थांबलं की आई ती पुन्हा भिंतीकडं ढकलून ठेवी. धुळ्यात सहाव्या गल्लीत आमचा छापखाना होता. पुढच्या खोलीत मशीन, खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या अक्षरांच्या, केसेस आणि कागद कापायचं यंत्र; मागच्या दीड खोलीत आम्ही तिघं. मधे नुसती फळ्यांची भिंत. तिच्या फटींतून शाईचा आणि रॉकेलचा वास आत येई आणि आईच्या कळण्याच्या भाकरीचा वास बाहेर जाई. गिऱ्हाईकं लग्नपत्रिकेचा मजकूर सांगता सांगता मधेच थांबून विचारत, आज ठेचा लसणाचा का? आबा, म्हणजे माझे वडील, अशा वेळी हसतही नसत. समोरचा मजकूर ते मनात वाचत असत आणि हात आपोआप खिळे उचलत असत.

मी अक्षरं उलटी शिकले. खिळ्यावरचं अक्षर आरशात दिसावं तसं असतं, आणि ते मला शाळेत जायच्या आधीच वाचता येई. रद्दीत पडलेली प्रूफं ही माझी गोष्टींची पुस्तकं. गिरणी कामगारांची पत्रकं, जयंती उत्सव समितीची पत्रकं, पाण्याच्या मोर्चाची, बसच्या भाडेवाढीविरुद्धची. त्यांची भाषा माझ्या तोंडात बसली. दूधवाल्यानं दुधात पाणी घातलं तरी मी जाहीर निषेध नोंदवत असे. आई माहेरच्या बोलीत म्हणे, "हाई पोर नही, हँडबिल शे."

आबांची स्वतःची पत्रकंही होती. आमचे आजोबा ख्रिस्ती झाले तेव्हापासूनची ही घरातली रीत. वर शास्त्रातलं, म्हणजे बायबलमधलं, एक वचन ठळक टाइपात, खाली एक प्रश्न, आणि शेवटी, आजच निर्णय घ्या. रविवारी उपासना आटोपली की आबा ती बसस्टँडवर वाटत. आमच्या घरात वचनाशिवाय कोणी काही म्हणत नसे. मला उठायला उशीर झाला तर आबा मुंगीचं उदाहरण देत, मी उलट उत्तर दिलं तर आईबापांचा मान राखण्याची आज्ञा येई, आणि मीही त्यांचीच लेक, लगेच मुलांना चीड आणू नका हे बापांना सांगणारं वचन परत फेकत असे. दोघंही एकेक ओळ उचलून मारत होतो. त्या ओळीच्या आधी काय आहे, नंतर काय आहे, हे आमच्या घरात कोणी कोणाला विचारत नव्हतं. मुंगीला तर नाहीच.

वचनाचा डबा हा या सगळ्याचा कळस. तो होता बिस्किटांचा, पत्र्याचा, निळ्या झाकणाचा. नव्या वर्षाच्या सकाळच्या उपासनेत तो बाकांवरून फिरे, आणि प्रत्येकानं डोळे मिटून त्यातलं एक कार्ड काढायचं, उभं राहून मोठ्यानं वाचायचं. त्या वर्षी देव तुमच्याशी काय बोलतो ते त्या कार्डावर असतं, असं सगळे मानत. मीही मानत असे. एका विधवेला एका वर्षी 'तुझी संतती ताऱ्यांसारखी होईल' अशा अर्थाचं कार्ड निघालं आणि ती वर्षभर पुरुषांशी बोलायची बंद झाली होती. आज मला रोज सकाळी मोबाइलवर उगवत्या सूर्याच्या चित्रासह असंच एकेक वचन येतं. पाठवणाऱ्याला मी कधीकधी कळवते, याच्या आधीचं वाक्यही पाठवा. तिकडून जोडलेले हात येतात.

मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना, नाताळाच्या आधी अक्का आमच्या छापखान्यात आल्या. शिरपूरच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका गावात मुलांचं वसतिगृह त्या चालवत. त्याचा वार्षिक अहवाल छापायचा होता. प्रूफ मी वाचलं, आणि त्यात जिथं जिथं 'गरीब बिचारी मुलं' असं होतं तिथलं 'गरीब बिचारी' मी काढून टाकलं. अक्कांनी ते पाहिलं, बराच वेळ हसल्या, आणि आबांजवळ आपल्या मुलासाठी मला मागितलं. त्यांचा मुलगा तिथंच शिकवत असे. मी त्याला दोनदा पाहिलं होतं. भला माणूस होता, त्याच्याविरुद्ध माझं पत्रक कधीच निघालं नसतं. पण माझ्या बी.ए.च्या शेवटच्या परीक्षेला तीन महिने होते, आणि खिळ्यांच्या केसच्या तळाशी घातलेल्या कागदाखाली मी एक पत्र लपवून ठेवलं होतं. जळगावच्या एका दैनिकात प्रूफं वाचायची जागा, संध्याकाळी पत्रकारितेचा वर्ग, एप्रिलपासून या. ते पत्र मी त्याच दिवशी काढून आबांपुढं ठेवलं. ते त्यांनी दोनदा वाचलं, एक चूक दुरुस्त केली आणि म्हणाले, आपण कोण ठरवणारे, नव्या वर्षाच्या वचनावर सोडू.

मी हो म्हटलं. हे मला इथं स्पष्ट लिहिलं पाहिजे, कारण पुढं मी हा भाग सांगताना बरीच वर्षं गाळत आले. कोणी माझा हात धरून डब्यात घातला नव्हता. देव माझ्या बाजूनं आहे याची मला खात्री होती. पत्रक लिहिणाऱ्याला ती असतेच.

कार्ड निघालं ते असं: तुम्ही जाल तिकडे मी येईन, तुम्ही राहाल तेथे मी राहीन. खाली लिहिलेलं, रूथ. ते मी माझ्याच तोंडानं वाचलं. बायकांच्या बाजूनं एकदम आमेन आलं. रूथ सून होती आणि हे ती सासूला म्हणते एवढं रविवारच्या शाळेतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, इतकं स्पष्ट उत्तर मी या डब्यातून पाहिलं नाही. आबांनी चष्मा काढून पुसला. ईस्टरआधीच्या उपवासकाळात लग्नं लागत नाहीत, म्हणून तो सुरू व्हायच्या आत लग्न उरकायचं ठरलं. परीक्षा काय, पुढच्या वर्षीही देता येते, असं सगळ्यांनी मला समजावलं.

त्यानंतरचे तीन आठवडे मला त्या दीड खोलीपेक्षाही लहान झालेले आठवतात. आमच्याकडं लग्नाआधी तीन रविवार चर्चमधे नावं पुकारतात, आणि कोणाची हरकत असल्यास कळवावी, असं विचारतात. हरकत कोणी घेत नाही. पाळक तेवढं म्हणून पान उलटतात. पहिल्या रविवारी माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मला ते दुसऱ्या कोणाचं वाटलं. बाहेर बायकांनी गालाला हात लावून बोटं मोडली. घरी आई डाळीच्या पिठाची शेव पाडायला बसली, कारण अक्का येणार म्हणजे शेवभाजी हवीच. आणि फळ्यांच्या पलीकडं ट्रेडलवर माझीच पत्रिका छापली जात होती. खट् करून ते मिटे, खट् करून उघडे, आणि मांडणीवरचे डबे माझ्याकडं सरकत. त्याआधी पत्रिकेचं प्रूफ आबांनी नेहमीच्या सवयीनं माझ्यापुढं टाकलं होतं. मी ते वाचलं. एकही चूक नव्हती. मी खाली 'छापावे' असं लिहून सही केली होती.

मी बंड करत नव्हते. मला आज्ञा पाळायचीच होती, फक्त ती पाळायला बळ हवं होतं, आणि म्हणून मी पांझरेचा पूल ओलांडून देवपुरात रत्नाबाईंकडं गेले. रत्नाबाई निवृत्त शिक्षिका. मंगळवारी दुपारी त्यांच्या ओसरीवर चार-पाच बायका शास्त्र वाचायला बसत. आमच्या चर्चमधे त्यांच्याबद्दल फारसं चांगलं बोलत नसत, कारण त्यांच्याकडं एका उताऱ्याला महिनाही लागे आणि शेवटी लोक रडत वगैरे नसत. मी त्यांना सांगितलं, मला रूथचं हे वचन नीट समजावून सांगा, म्हणजे मला ते मनापासून मान्य होईल. त्यांनी काही समजावलं नाही. वही पुढं केली आणि म्हणाल्या, रूथच्या पुस्तकाचा पहिला अध्याय सुरुवातीपासून उतरवून काढ. ओळींचे आकडे लिहू नकोस. ते आकडे मागाहून कोणीतरी घातलेत, आणि त्यांच्यामुळंच आपण वाक्यं पेरूच्या फोडींसारखी उचलतो.

मी उतरवत बसले. दुष्काळ पडला, एक कुटुंब गाव सोडून मवाबात, परक्या मुलखात, गेलं, तिथं नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले, मागं सासू नामी आणि तिथल्याच दोन सुना उरल्या, नामी आपल्या गावी परत निघाली. मला घाई होती. माझं वाक्य अजून आलं नव्हतं. रत्नाबाई शेजारी डाळ निवडत बसल्या होत्या. मधेच विचारत, आत्ता हे लोक कुठं उभे आहेत? घरात, रस्त्यावर, शेतात? मी पुन्हा वरच्या ओळींत जाऊन पाही. रस्त्यावर. मग त्या म्हणत, ठीक, आता पुढं लिही. त्यांचे प्रश्न ठरलेले होते. कोण बोलतंय, कोणाशी, त्याच्या आधी समोरचा काय म्हणाला होता, ऐकून त्यानं काय केलं. आणि यात मला काय, हा प्रश्न सगळ्यात शेवटी. बाकीच्या प्रश्नांचं बोलणं संपल्याशिवाय त्याला तोंड उघडायची परवानगी नव्हती. त्या मंगळवारी आम्ही रूथच्या तोंडापर्यंत पोचलोसुद्धा नाही. मी चिडून पूल ओलांडला. दुसऱ्या रविवारी नाव पुन्हा पुकारलं गेलं.

पुढच्या मंगळवारी त्यांनी मला दोन पेन्सिली दिल्या. नामीचं बोलणं लाल, रूथचं निळं. पान लाल होत गेलं. नामी सुनांना सांगते, माघारी जा, आपल्या आयांच्या घरी जा. दोघी एकदमच नाही म्हणतात. ती पुन्हा सांगते, माझ्याबरोबर येऊन काय करणार, जा. एक सून रडून, मुका घेऊन परत जाते. नामी तिसऱ्यांदा सांगते, ती गेली, तूही जा. तेव्हा कुठं निळी पेन्सिल हातात आली, आणि निळ्याचे पहिले शब्द माझ्या कार्डावरचे नव्हते. पहिले शब्द होते, मला परत जायचा आग्रह करू नका. मग स्वल्पविराम की अर्धविराम, आणि मग माझं कार्ड.

मी कार्ड वहीशेजारी ठेवलं. रत्नाबाईंनी डाळ निवडणं थांबवलं नाही. जे वाक्य माझ्या गळ्यात 'थोरांचं ऐक' म्हणून बांधलं होतं ते थोरांचं तीनदा न ऐकणाऱ्या बाईचं होतं. आणि नेमका तिच्या नकाराचा भाग कापला होता.

कार्डावरचा 'ज' मी घरी येईपर्यंत चार वेळा पाहिला. त्याची शेपटी तुटलेली होती. तो 'ज' कोणत्या केसमधे राहतो हे मला झोपेतही सांगता आलं असतं. आबा पत्रिकांचे गठ्ठे बांधत होते. मी विचारलं, हे तुम्ही जुळवलंत? त्यांनी कार्ड लांब धरून पाहिलं आणि मान हलवली. बऱ्याच वर्षांपूर्वी, म्हणाले, डब्यातली अर्धी कार्डं माझीच आहेत.

"मग याच्या आधीचा अर्धा भाग?"

"मावत नव्हता," आबा म्हणाले. "कार्ड केवढं असतं. बारा पॉइंटात चार ओळी बसतात. आशीर्वादाचा भाग ठेवला."

"म्हणजे मला उत्तर देवानं दिलं का तुमच्या कटिंग मशीननं?"

आबांनी वळून ट्रेडल चालू केलं. त्यावर लावायला कागदही नव्हता. रिकामंच खट् खट् चालत राहिलं, आणि आत भांडी सरकायला लागली.

मग मी तेच केलं जे मला येत होतं. दुसऱ्या दिवशी आबा कागद आणायला गेले असताना मी स्वतः खिळे जुळवले. वर मोठ्या टाइपात, रूथनं आज्ञा मोडली. खाली, भगिनींनो, आपल्याला अर्धं वचन शिकवलं गेलं आहे. नामीसारखे वडीलधारे आपल्याला ढकलतात, रूथ त्यांच्यापुढं ताठ उभी राहते. आणि शेवटी, आजच निर्णय घ्या. शंभर प्रती काढल्या. रविवारी प्रत्येक बाकावर एकेक ठेवायचा बेत होता. त्यातली एक मी शनिवारी रत्नाबाईंकडं घेऊन गेले. मला शाबासकी हवी होती, त्याशिवाय मी एवढं चालत गेले नसते.

त्यांनी कागद दोनदा वाचला. लाल पेन्सिल घेतली आणि विचारलं, यात नामी कुठं आहे? मी म्हटलं, ही काय, वडीलधारे. त्या म्हणाल्या, "दोन मुलगे पुरलेली बाई आहे ती. सुनांची पुढं आबाळ नको म्हणून त्यांना परत पाठवतेय. तुझ्या कागदात ती जुलमी झाली." मग विचारलं, परत गेलेल्या सुनेला शास्त्रानं कुठं नावं ठेवलीत का? मी शोधलं. नव्हती. आणि रूथ कुठं निघालीय? सासूबरोबर, मी म्हटलं. आणि तू? जळगावला.

"मग तिला कशाला ओढतेस? तिची वाट उलटी आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्या आबांनी मावत नव्हतं म्हणून कापलं. तू स्वतः त्यात मावावंस म्हणून कापलंस."

मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की मी चहा तसाच सोडला. माझ्याजवळचं एकमेव हत्यार त्यांनी काढून घेतलं होतं. उद्या तिसरा रविवार. मी दारातून विचारलं, मग मी कशाच्या आधारावर नाही म्हणू? त्या म्हणाल्या, उताऱ्याला त्याचं बोलू दे. तुझं जे असेल ते तू बोल. आता इतकी वर्षं लिहिण्यात घालवल्यावर मला कळतं की त्या ओसरीवर मला मिळालेलं शिक्षण जळगावच्या कुठल्याही वर्गात मिळालं नाही. पण त्या दिवशी पुलावर मला फक्त एवढंच कळत होतं की माझ्यामागं आता कोणी उभं नाही, रूथसुद्धा.

ती शंभर पत्रकं मी आईच्या चुलीपाशी टाकली. आईला वाचता येत नव्हतं. तिनं एक उचलून उलटसुलट पाहिलं, चुलीत सारलं, आणि भाकर थापता थापता विचारलं, "तुले तठे जानं शे का नही, हाई तुले कोनी इचारं का?" मी मानेनंच नाही म्हटलं. आई म्हणाली, "माले बी नव्हतं इचारं." आणि भाकर उलटली.

रविवारी अक्का आल्या होत्या, पुढच्या बाकावर, नवं लुगडं नेसून. त्यांचा मुलगा मागं बसला होता. पाळकसाहेबांनी तिसऱ्यांदा नावं पुकारली, हरकत असल्यास आताच कळवावी असं म्हटलं आणि पान उलटायला बोट ओलं केलं. मी उभी राहिले. आधी त्यांना वाटलं मला खोकला आलाय.

"माझी हरकत आहे," मी म्हटलं.

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, कोणत्या वचनाच्या आधारे? हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. माझ्या तोंडात दहा वचनं तयार होती. स्वातंत्र्याचं होतं, देवानं हाक मारल्याचं होतं, निळ्या पेन्सिलीचं होतं. लहानपणापासून मी त्यांच्यावरच वाढले होते. मी दात आवळून ती आत ठेवली.

"वचन नाही, पाळकसाहेब. मला परीक्षा द्यायची आहे, आणि मला जळगावला जायचं आहे. मला हे लग्न करायचं नाही."

इतकं उघडं वाक्य मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. पाळकसाहेबांनी माझ्याऐवजी आबांकडं पाहिलं, सगळ्यांनीच पाहिलं. आबा उठले. मला वाटलं, आता आईबापांच्या मानाची आज्ञा येणार. ते शाईनं काळ्या झालेल्या बोटांनी बाकाची कड धरून उभे राहिले.

"ते कार्ड मी कापलं होतं," आबा म्हणाले, आणि खाली बसले.

बहुतेकांना ते काय म्हणाले ते समजलंच नाही. चर्चच्या फाटकाशी अक्कांनी मला गाठलं. मी पाया पडायला वाकले तर त्यांनी खांदा धरून सरळ केलं. डोळ्यांत पाणी होतं, पण बोलणं त्यांचं नेहमीचंच. "चाळीस पोरेसना सयपाक आते मन्हा एकलीवर. पन तू रडी रडी भाकर थापती, त्यान्हापेक्षा हाई बरं." मग म्हणाल्या, शेवभाजी केलीच आहे तर जेवून जाते. आणि खरोखर जेवून गेल्या. त्यांचा मुलगाही जेवला. त्यानं दोनदा रस्सा मागून घेतला, आणि त्याच्या तोंडावर मला सुटका दिसली की अपमान, हे मी आजही सांगू शकत नाही.

आबा माझ्याशी या विषयावर पुन्हा कधी बोलले नाहीत. रूथचं म्हणणं ऐकल्यावर नामी तिला आणखी काही बोलली नाही, असं त्या अध्यायात आहे. रत्नाबाईंनी मला विचारलं होतं, ही चुप्पी कसली असेल, राजीखुशीची की थकव्याची? परीक्षा देऊन एप्रिलमधे मी जळगावच्या बसमधे बसले तेव्हा आईनं कळण्याच्या भाकरी छापखान्यातल्या कोऱ्या कागदात बांधून दिल्या. आबा स्टँडवर आले होते, पत्रकांची पिशवी घेऊन. बस पारोळ्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मला ते दिसत होते, पण पत्रक वाटताना दिसले नाहीत.

त्या वर्षाच्या शेवटी मी नाताळाला घरी आले. आबांनी डब्यातली सगळी कार्डं नव्यानं केली होती. मोठी, दुमडलेली, चारही पानांवर बारीक टाइपात आख्खे उतारे. नव्या वर्षाच्या सकाळी लोकांनी ती काढली आणि वाचायला उभे राहिले, आणि एकेकाला इतका वेळ लागू लागला की मागची लहान मुलं झोपली, म्हातारे चष्मे शोधू लागले, आणि पाळकसाहेबांनी दोनदा घड्याळ पाहिलं. कोणी कुरकुरलं, छापणाऱ्याला आवरता येत नाही का म्हणून. आबा पुढच्या बाकावर डबा मांडीवर धरून बसले होते. त्या जाड कार्डांवर त्याचं निळं झाकण आता लागत नव्हतं. ते त्यांनी हातानं दाबून धरलं होतं, आणि डबा फिरवायची वेळ झाली की अलगद हात काढत होते.